पेठ्यांचं थांबणं

गेल्या दिवाळीत मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या एका घरी आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं फराळाला जमलो होतो. कोणीतरी मुकुंद पेठ्यांचा विषय काढला आणि एक बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "पेठेसरांसारखा धीराचा माणूस मी पाहिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातातली चकली हातातच राहिली. मृणालने, माझ्या बायकोने, माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड उघडलंच नाही. सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी वाद नको, एवढं मलाही कळतं. पण तेव्हा गिळलेलं आता लिहून काढतो. त्या धीराच्या शेजारी मी दोन वर्षं राहिलो आहे. मला तो माणूस आवडला नाही, आजही आवडत नाही, आणि लोक त्यांच्या ज्या गुणाचं कौतुक करतात त्याच गुणाचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

क्लेटनला युनिव्हर्सिटीच्या मागच्या अंगाला एका प्लॉटवर दोन युनिट, म्हणजे एकामागे एक दोन घरं, होती. पुढचं आम्ही भाड्याने घेतलेलं, मागचं पेठ्यांचं स्वतःचं. दोघांत एकच ड्राइव्हवे. पेठे पन्नाशीचे, उंच, सडपातळ, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. मूळचे आमच्यासारखेच पुण्याचे, इथे एका डेअरीत क्वालिटी विभागात वरच्या जागेवर. त्यांनी कोणाला शाळेत शिकवल्याचं ऐकिवात नाही, तरी सगळे त्यांना सर म्हणत आणि तेही ते चालवून घेत. मी मनातल्या मनात त्यांना अरेतुरे करायचो. लिहिताना सवयीने अहोजाहो येतंय, तेवढ्यावरून माझा आदर आहे असं कोणी समजू नये.

त्यांना कशाचीही घाई नसे. फोन वाजला की ते तो वाजू देत. "ज्याला खरंच काम असतं तो परत करतो," असं त्यांचं म्हणणं. चहा ओतला की त्यावर बशी झाकून बसत आणि कोमट झाल्यावरच पीत. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांची गाडी क्षणभर जागची हलत नसे, मागून हॉर्न वाजले की मग हलायची. त्यांच्याशेजारी त्या गाडीत बसून मी एकदा बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. परत येताना ट्रेनने आलो.

आम्ही राहायला आलो तेव्हाची गोष्ट. इथे कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांचे डबे असतात आणि कुठल्या आठवड्यात कुठला बाहेर ठेवायचा ते ठरलेलं असतं. मी चुकीचा डबा बाहेर ठेवत होतो. गाडी यायची, तो न उचलता जायची, आणि घरातला कचरा साठत चालला होता. महिना झाल्यावर पेठे ड्राइव्हवेवर भेटले आणि म्हणाले, "आलं वाटतं लक्षात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हटलं, बघू तुला कधी कळतंय."

हे त्यांनी हसत सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण ते हसत नव्हते. माझ्यावर एक प्रयोग करून झाला होता आणि त्याचा निकाल ते मला सांगत होते.

मग कोविड आला. मेलबर्न बंद झालं. आधी टॉयलेट पेपर संपला, मग मैदा, मग पावाचं यीस्ट, आणि सगळा देश घरात बसून काहीतरी आंबवायला लागल्यावर घरी बिअर करायची होम ब्रूची किटंही दुकानांतून नाहीशी झाली. मी ऑनलाइन एक पटकावलं. प्लॅस्टिकचं मोठं पिंप, खाली नळ, माल्टच्या काळ्या चिकट पाकाचा डबा आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. सोबत माहितीचा कागद होता, तो मी वाचला नाही. आंबवणं आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. मेलबर्नच्या हिवाळ्यात ओव्हनचा दिवा लावून मृणाल इडलीचं पीठ असं फुगवते की पातेल्याबाहेर येतं. आणि आमच्या घरी पीठ नेहमी हाताने कालवतात. हाताची ऊब लागल्याशिवाय पीठ येत नाही, हे आईचं ठाम मत आणि माझंही.

तर मी गॅरेजचं दार उघडं टाकून, कोपरापर्यंत हात धुऊन, तो अख्खा हात पिंपात घातला आणि छान ढवळलं. वर यीस्ट सोडलं, पिंपाला गोधडी गुंडाळली आणि घरात हीटरजवळ आणून ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ झाकण काढून आलंय का ते बघायचो. मृणालही बघायची. आम्ही दोघं वाकून त्या फेसाकडे नवीन बाळाकडे बघावं तसं बघत असू.

आठवड्याभरात घरभर आंबूस वास सुटला. चव घेतली तर व्हिनेगर. मी पिंप मागच्या अंगणात ओतत होतो तेव्हा पेठे त्यांच्या गॅरेजच्या दारात उभे होते. मास्क नाकाच्या वर, शर्टाला कडक इस्त्री.

"हाताने ढवळलंस ना?" ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?"

"त्याच दिवशी. बाहेरचे जंतू आयते आत नेऊन सोडलेस. वर गोधडी, म्हणजे त्यांची चैन. बिअर म्हणजे इडली नाही."

"मग तेव्हाच सांगायचं की, सर."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. शिकला नसतास."

त्यांच्या बाजूला नेहमी असं एखादं गुळगुळीत वाक्य तयार असे आणि आपण हातात रिकामं पिंप घेऊन उभे.

पण गॅरेजमध्ये ते वर्षानुवर्षं बिअर करत होते आणि चांगली करत होते, हे मला माहीत होतं. लॉकडाऊनमध्ये करायलाही दुसरं काही नव्हतं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी त्यांचा विद्यार्थी झालो. त्यांच्या गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर, अंतर ठेवून. पहिला नियम, पिंपासमोर उभं राहताना हात पाठीमागे बांधायचे. खरंच बांधायला लावत. "बघायचं ते बाहेरून," ते म्हणत. माझ्या घरातलं माझं पिंप बघायलासुद्धा मी हात मागे बांधून उभा राहायला लागलो आणि मृणाल मला हसायला लागली.

सुरुवातीला झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून, भराभर बुडबुडे येत होते. मग कडाक्याची थंडी पडली, बिल वाढतं म्हणून आम्ही हीटर बंद ठेवायला लागलो, आणि बुडबुडे थांबले. मी समजलो, झालं काम. शुक्रवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर व्हिडिओवर बसायचं ठरलं होतं, त्याआधीच्या शुक्रवारी बाटल्या भरून टाकल्या. प्रत्येकीत फेसासाठी साखरेची गोळी. आणि बाटल्या ठेवल्या कपाटात, जिथे गरम पाण्याचा पाइप जातो.

मंगळवारी दुपारी मृणालची मीटिंग चालू असताना पहिली बाटली फुटली. मग दुसरी, मग एकदम तीन-चार. कपाटाचं दार उघडलं गेलं आणि काच किचनभर उडाली. स्क्रीनवर मृणालचा मॅनेजर विचारत होता, "इज एव्हरीथिंग ओके अॅट होम?" ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि खाली लादीवर बिअरचा पूर.

आवाज ऐकून पेठे आले. आमच्या मागच्या दारात उभे राहिले. झाडू कुठे आहे असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असं नसतं. थंडीने यीस्ट झोपलं होतं. कपाटात ऊब लागली, जागं झालं, उरलेली साखर आणि वरून तुझी गोळी, दोन्ही खायला लागलं. जाणार कुठे तो गॅस?"

मृणाल शांतपणे म्हणाली, "सर, हा बाटल्या भरत होता तेव्हा तुम्ही ड्राइव्हवेवरच होतात. याच्याशी बोललातही."

"हो."

"काच माझ्या डोळ्यात गेली असती तर?"

"गेली नाही ना," पेठे म्हणाले.

त्या दिवसानंतर मृणाल त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. मी जात राहिलो, कारण मला बिअर जमवायची होती आणि मी हट्टी आहे.

तिसरी बिअर चांगली झाली. हे लिहायला जिवावर येतं, पण ती त्यांच्यामुळे झाली. घरात जिथे ऊन येत नाही आणि थंडीही फार लागत नाही अशी एक जागा त्यांनी मला शोधायला लावली. बुडबुडे मोजणं बंद करायला लावलं. हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी बिअरमध्ये तरंगते आणि साखर किती उरली ते सांगते. ती लागोपाठ दोन दिवस एकाच रेघेवर थांबली की समजायचं, यीस्टचं खाऊन झालं. तरी भरायची घाई नाही, अजून थोडे दिवस तसंच राहू द्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा. बाटलीत भरल्यावर पुन्हा थांबायचं. त्या बिअरचा पहिला घोट घेतल्यावर मी खूश होऊन त्यांना फोन केला. त्यांनी तो उचलला नाही.

त्यांची कीर्ती पसरली. नवशिक्या मराठी मंडळींसाठी ते रविवारी व्हिडिओवर वर्ग घ्यायला लागले. मंडळी म्हणजे डॉक्टर, इंजिनियर, कोणी युनिव्हर्सिटीत शिकवणारे, आणि सगळे पहिलीतल्या मुलांसारखे म्यूटवर. एका बाईंनी विचारलं, "सर, झाली हे आपल्याला कसं कळायचं?" पेठे म्हणाले, "तुला नाही कळायचं. कांडीला कळेल. तू कांडीचं ऐक." लोकांना हे फार आवडलं. धीराचा महामेरू वगैरे बोलणं सुरू झालं ते तिथपासून. फराळाच्या घरातल्या त्या बाई याच वर्गातल्या.

त्या लोकांना ईशान माहीत नव्हता.

ईशान त्यांचा मुलगा. पेठ्यांची बायको शुभदा काही वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती आणि मायलेक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत. एक आड एक शनिवारी ईशान यायचा. बापाइतकाच उंच, पण चालण्यात ढिलाई, आमच्या दारावरून जाताना "हाय अंकल" म्हणायचा आणि मृणालने काही खायला दिलं तर उभ्याउभ्या फस्त करायचा. कोविडच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने बारावी सोडली आणि इलेक्ट्रिशियनकडे अप्रेंटिस म्हणून कामाला लागला. इथे यात काहीही विशेष नाही. इथला चांगला स्पार्की, इलेक्ट्रिशियनला इथे तसंच म्हणतात, माझ्यापेक्षा सुखात असतो. पण पुण्यातून इंजिनियर होऊन आलेल्या बापाला ते पचणं शक्य नव्हतं.

ते भांडण मी ऐकलं. ड्राइव्हवेवर झालं आणि मी तारेवरचे कपडे काढत होतो. पेठ्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. ते म्हणाले, "तुझी चूक तुला कळेल. कळली की माझ्या दारात ये. तोवर मी थांबतो."

"व्हॉट इफ इट्स नॉट अ मिस्टेक, बाबा?"

पेठे गॅरेजकडे वळले. पोरगा बॅग उचलून बस स्टॉपकडे गेला.

त्यानंतर पेठे थांबले. ईशानचे मेसेज यायचे. एकदा गॅरेजमध्ये त्यांनी मला फोन पुढे करून दाखवला. "हॅपी बर्थडे बाबा." त्याखाली, बऱ्याच दिवसांनी, "यू ओके? केसेस आर बॅड निअर यू." त्याखाली, "बाबा?" एकालाही उत्तर नव्हतं.

"बघ, येतोय ताळ्यावर," पेठे म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, ते दिसत होतं.

"मग उत्तर द्या की."

"अजून पूर्ण झालेलं नाही. आत्ता झाकण उघडलं तर सगळं बिघडेल."

"सर, तो मुलगा आहे. पिंप नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुन्हा हात बुडवायला निघालो होतो. मला त्या क्षणी त्यांची सगळी पिंपं रस्त्यावर नेऊन पालथी करावीशी वाटली.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात ईशान अठरा वर्षांचा झाला. इथे अठराव्या वर्षी कायद्याने पिता येतं आणि बाप मुलाला पहिली बिअर स्वतः पाजतो, अशी इथल्या घरांत रीत आहे. पेठ्यांनी ती मनावर घेतली होती. महिनेच्या महिने आधी त्यांनी एक काळी, दाट स्टाउट घातली होती, जितकी ठेवू तितकी मुरणारी. तिच्या बाटल्यांना ते कोणाला हात लावू देत नसत. ती बिअर ईशानबरोबर प्यायची, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला त्या दोन वर्षांत हवी होती. हे मला त्यांनी सांगितलं नाही, पण न सांगताही कळत होतं. रोज संध्याकाळी ते त्या बाटल्यांसमोर जाऊन उभे राहत.

वाढदिवसाला पुन्हा लॉकडाऊन होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. मृणालने आपला अबोला सोडून त्यांना गाठलं.

"आज तरी फोन करा त्याला."

"बिअर ठेवली आहे त्याच्यासाठी."

"त्याला माहीत आहे का?"

"आल्यावर कळेल."

ती घरात येऊन रडली. कोणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, "मला त्या माणसाची कीव नाही येत रे, चीड येते."

बंदी उठली. ड्रायव्हिंगच्या टेस्ट पुन्हा सुरू झाल्या आणि ईशानने लायसन्स काढलं. डिसेंबरातल्या एका सकाळी पेठे आमच्या दारात आले, बाटल्या फुटल्या तो दिवस सोडला तर दोन वर्षांत पहिल्यांदाच आपण होऊन. "ईशानचा मेसेज आहे. रविवारी आर्व्होला येतोय. गाडी चालवत." आर्व्हो म्हणजे इथल्या बोलीत दुपार, हा शब्द त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता. मुलाचा शब्द ते जसाच्या तसा सांगत होते. मी म्हटलं, "कळवलंत ना, ये म्हणून?" ते म्हणाले, "त्यात कळवायचं काय, येतोयच तो."

रविवारी त्यांनी बाटल्या थंड करायला ठेवल्या, गॅरेजमध्ये दोन खुर्च्या मांडल्या, ग्लास धुऊन उपडे घातले. मी पुढच्या अंगणात पाईपने झाडांना पाणी घालत होतो. दुपारी एक जुनी पांढरी गाडी येऊन आमच्या दारासमोर थांबली. मागच्या काचेवर नव्या ड्रायव्हरचा लाल पी. आत ईशान. त्याने इंजिन बंद केलं नाही आणि खालीही उतरला नाही.

ड्राइव्हवेच्या दुसऱ्या टोकाला गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. त्याखाली पेठ्यांचे पाय दिसत होते. बूट घातलेले.

मी वाट पाहिली. मग मला राहवेना. मागे गेलो, वाकून आत पाहिलं. "सर, ईशान बाहेर गाडीत बसलाय."

"माहीत आहे. आवाज ऐकला."

"मग जा ना."

"इथवर आलाय. उरलेलं त्याचं तो येईल."

"अहो, तो थांबलाय तुमच्यासाठी."

"मीही थांबलोय," पेठे म्हणाले. अगदी शांतपणे. तोंडावर रागाचा लवलेश नाही. राग असता तरी मी समजू शकलो असतो.

मी गाडीपाशी गेलो. ईशानने काच खाली केली. कामाचा पिवळा शर्ट अंगात होता, मुद्दाम घालून आला असणार. "अरे, जा ना आत," मी म्हटलं. "बिअर केलीय त्यांनी तुझ्यासाठी. केव्हाची."

"हॅज ही?" तो म्हणाला आणि एक क्षण त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग त्याने समोर पाहिलं. "मी दारात गेलो ना अंकल, तर त्याचा अर्थ मी सॉरी आहे. असंच म्हणाले होते ते. आय'म नॉट सॉरी. आय लाइक माय जॉब."

"मग सॉरी म्हणू नकोस. नुसता जा."

"मी अर्ध्या मेलबर्नमधून चालवत आलोय. ही कॅन डू द ड्राइव्हवे."

पोराचं बरोबर होतं. मी मागे वळून मोठ्याने हाक मारली, "सर, या बाहेर." सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. मृणाल खिडकीत आली. शटरखालचे बूट हलले नाहीत. ईशाननेही ते पाहिलं. त्याने एकदा हॉर्न वाजवला, हळूच, रागाने अजिबात नाही. अजून थोडा वेळ थांबला. मग इंडिकेटर दिला, नवीन ड्रायव्हर देतात तसा खूप आधीपासून, आरशात नीट बघितलं आणि गेला.

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा शटर पूर्ण वर गेल्याचा आवाज आला. पेठे बाहेर आले. सरळ चालत ड्राइव्हवेवरून पुढे आले, माझ्या शेजारून रस्त्याच्या कडेपर्यंत गेले आणि दोन्ही बाजूंना पाहिलं. त्या चालण्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"कुठल्या बाजूला वळला?" त्यांनी मला विचारलं.

मी नळ बंद केला आणि उत्तर न देता घरात निघून गेलो.